भिंगावर बोट

बँकेनं लखनौला बदली केली आणि रविवारचं करायचं काय, हा प्रश्न पडला. पत्त्यांचा मला कंटाळा. मग डबा कॅमेरा गळ्यात अडकवायचा, तेलीबागच्या पुढे सायकल हाणायची आणि ओस पडलेल्या वस्त्या हुडकायच्या. हज़रतगंजात रीळ धुवायला दिलं की दुकानदार विचारायचा, "बाबूजी, इसमें आदमी कहाँ है?" माणूस नकोच होता मला. बँकेच्या खिडकीतून आठवडाभर माणसंच बघायचो की.

एका वस्तीतल्या विहिरीचं पाणी खारट झालं म्हणून सगळे उठून सडकेच्या कडेला राहायला गेले होते. एक म्हातारी तेवढी मातीच्या घरात राहिली होती. मला बघून ती लगबगीनं आत गेली, धुतलेली साडी नेसून आली आणि दारात उभी राहिली. मुलगा सुरतेला. तो म्हणे, घर एव्हाना पडलंच असेल, आता येऊन काय करू? घर उभं आहे हे दाखवायला तिला फोटो पाठवायचा होता. बघितलं की येईल, म्हणाली.

माझ्या रिळात एकच फोटो उरला होता आणि पलीकडच्या पडक्या कोठीवर, जुन्या हवेलीवर, माझा डोळा होता. अशा वेळी मी एक लबाडी करायचो. भिंगावर बोट धरून खटका दाबायचा. आवाज होतो, समोरचा खूश, आणि फिल्म कोरीच राहते. तेच केलं. पुढच्या खेपेला फोटो आणतो, असंही वर सांगितलं आणि शहाण्यासारखा कोठीकडे निघालो.

घरी चैन पडेना. लाज वाटली, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण जाऊ जाऊ म्हणता पावसाळा उलटला. नवं रीळ घालून गेलो, तर घर बसलं होतं. दाराची चौकट आणि मागे मातीचा ढीग. म्हातारी शेजारच्या छपराखाली होती. तिनं मला लांबूनच ओळखलं.

"फोटो लाए, भैया? हमने तो बेटे को चिट्ठी लिखवा दी कि फोटो आ रही है."

मी सगळं खरं सांगून टाकलं. ती रागावली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काय करावं सुचेना, म्हणून कॅमेरा उचलला, म्हटलं, आता काढतो. ती सवयीनं पदर सारखा करून उठली, चौकटीपर्यंत गेली आणि थांबली.

"रहने दो," ती म्हणाली. "इसमें तो बेटा ही सच्चा निकलेगा."