दस्त्यावरून ओळखलेली बंदूक

चौथी शिकले आणि बंदुकीतलं सगळं कळतं असं समजून सासरी आले. माझे वडील मरकळचे सुतार. ठासणीच्या बंदुकांना लाकडी दस्ते बसवून द्यायचे. त्यांच्याजवळ बसून मी शिकले होते: सरळ दस्ता कोकणातला, पितळी फुलांचा निजामाच्या मुलखातला, आणि जाडजूड बाकदार तो आपल्या चाकणकडचा.

आज जिथे कारखान्याचं गेट आहे, तिथे तेव्हा आमचा हरभरा होता. रानडुकरांसाठी सासऱ्यांकडे परवान्याची बंदूक होती. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ते बार हवेतच काढायचे. तेवढ्यानेही डुकरं पळायची. निवडणुकीआधी गावोगावच्या बंदुका ठाण्यात जमा केल्या. मतदान झाल्यावर सासरे नि मी परत घ्यायला गेलो, तर पिठाच्या खळीने चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्लेल्या.

जमादार म्हणाला, "आपापली ओळखा. दुसऱ्याची उचलली तर परवाना जाईल."

परवाना गेला की हरभरा डुकरांचा.

"सूनबाई, मरकळच्या सुताराची लेक तू," सासरे म्हणाले. "बघ."

खरं तर आमची बंदूक मी कधी पाहिलीच नव्हती. ती कापडात गुंडाळून आढ्याला टांगलेली असायची. दसऱ्याला पुरुषांनी पुजायची, बायकांनी हात लावायचा नाही. पण हे सांगेन तर शपथ. पदर सावरून मी रांगेपुढून चालू लागले. "ही कोकणी, आपल्याकडची न्हवं. ही निजामाकडची." माणसं वाट करून देऊ लागली, तसा मला चेव आला. एक बाकदार उचलून सासऱ्यांच्या हातात दिली. "मामंजी, ही आपली. घडणच सांगतीया."

त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला. "न्हाई गं पोरी."

"तुमाला दिसत न्हाई, मामंजी."

"ए बाई, ठेव ती!" मागून एक म्हातारा ओरडला. "माजी हाय. तुज्याच बापानं गेल्या साली दस्ता बसवलाय."

"माजाबी त्येनंच," दुसरा म्हणाला.

"आमचाबी."

मी जिला चाकणकडची घडण म्हणत होते, ती एकट्या माझ्या बापाची होती.

सासरे एकेक बंदूक चाचपत निघाले. मी सगळ्यात आधी बाजूला सारलेल्या कोकणीवर त्यांचा अंगठा थांबला. "ही. माज्या आज्यानं घाटाखालनं आणल्याली. हितं माज्या चिलमीचा चटका हाय."

जमादाराने चटका पाहिला, हसू दाबलं आणि बंदूक दिली.

बंदूक खांद्यावर टाकून सासरे परतीच्या वाटेला लागले. शेताच्या बांधाशी आल्यावर म्हणाले, "सूनबाई, हरभरा तरी वळखतीस न्हवं?"