गेटखालची डबकी

“साहेब, तुमचं गेट गळतंय.”

नदीच्या पात्रात उकिडव्या बसलेल्या साळवेबाईंनी मान वर न करताच मला हे सुनावलं. मी पाटबंधारे खात्यातला ओव्हरसियर, म्हणजे धरणाचं पाणी अडवणं-सोडणं बघणारा माणूस. गेट गळतं हे मला सांगणं म्हणजे एस.टी.च्या ड्रायव्हरला गाडी खडखडते असं सांगण्यापैकी होतं.

“सगळीच गेटं गळतात, बाई. बारीकशी धार आहे. शेरडं पितात बिचारी.”

“शेरडं पितात ते पिऊ देत. पण इथं राहतं कोण, ते बघा.”

त्यांच्या हातात लांब दांड्याची पांढरी इनॅमलची पळी होती. खडकातल्या डबक्यातून त्यांनी ती अलगद भरून घेतली आणि माझ्या नाकासमोर धरली. पाणी चांगलं नितळ होतं. वर तपकिरी दोऱ्याचे बारीक तुकडे पडल्यासारखे दिसत होते. मी वाकलो, माझी सावली पाण्यावर पडली, आणि सगळे तुकडे एकदम वळवळून तळाला गेले. मी दचकून मागे झालो.

“गटारातल्या डासाची अळी डोकं खाली करून लोंबकळते,” बाई म्हणाल्या. “ही पाण्यावर आडवी पडते. हिवतापाचा डास होणार हिचा. हिला घाण पाणी चालत नाही. स्वच्छ आणि उन्हातलं लागतं. तुमची धार तिला रोज ताजं पाणी पुरवते.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या पाण्याचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. निफाड तालुक्यातलं एक लहान मातीचं धरण माझ्याकडे होतं. साळवेबाई हिवताप खात्यात कीटकशास्त्रज्ञ होत्या. नाशिकरोडहून खात्याच्या जीपने यायच्या. गावात त्यांना कुणी कीटकशास्त्रज्ञ म्हणत नसे, ‘डासवाल्या बाई’ म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. डासांबद्दल वाईट बोललेलं मात्र त्यांना फारसं आवडत नसे.

धरणाखाली गाव, आणि गावाभोवती द्राक्षबागा. गणपती उठले की बागांची छाटणी सुरू होते. त्या कामाला सुरगाण्याकडची कुटुंबं यायची. घरची म्हातारी माणसं भाताच्या कापणीसाठी मागं ठेवून, बाकीचे इकडे यायचे आणि पाणी जवळ म्हणून नदीकाठीच खोपी घालायचे. त्या वर्षी आधी खोपींत ताप आला. मग गावात. हुडहुडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, मग अंग भाजायचं, घाम सुटायचा. दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवा.

गावाने निकाल देऊन टाकला होता. ताप सुरगाण्याच्या लोकांनी आणला, दिवाळीच्या आत खोपी उठल्या पाहिजेत. ज्यांच्या रानात त्या खोपी होत्या ते रामनाथ आप्पा गावातले मोठे बागाईतदार. त्यांची छाटणी निम्मी झाली होती आणि घरात त्यांची सूनही तापाने पडली होती.

खोपीवाल्यांची मुकादम होती सोनाबाई. तिची लेक तापात, लेकीच्या कुशीत तान्हं पोर. आम्ही पात्रातून वर आलो तेव्हा ती काठावर वाट बघत उभी होती.

“साहेब, आमी ताप घेऊन नाय आलू. आलू तवा समदी धडधाकट व्हती. आता या पोरीला उचलून कुठं नेऊ? आन काम सोडून गेलू तं वरीसभर खायाचा काय?”

मी बाईंकडे बघितलं. “मग ताप आणला कुणी?”

“जंतू कुणाच्या रक्तात होता ते आता कोण सांगणार? यांच्यातल्या एखाद्याच्या असेल, गावातल्या एखाद्याच्याही असेल. पण त्याला एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारं वाहन तुमच्या गेटखाली तयार होतंय.”

“मग फवारा डीडीटी.”

“फवारलं. इथले डास त्याला आता दाद देत नाहीत.”

मग एका खडकावर बसून बाईंनी मला जे सांगितलं, ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. डासाची मादी तापकऱ्याचं रक्त प्याली म्हणजे लगेच दुसऱ्याला ताप देऊ शकत नाही. जंतू आधी तिच्या पोटात वाढतो, मग तिच्या सोंडेपर्यंत पोचतो. हवा उबदार असली तर याला आठ-दहा दिवस लागतात. आणि मादीचं आयुष्यच मुळात दोन-तीन आठवड्यांचं. बहुतेक माद्या जंतू तयार व्हायच्या आधीच मरतात.

“म्हणजे शर्यतच की!” मी म्हणालो.

“शर्यतच. उन्हाळ्यात आपल्याकडची कोरडी हवा तिला लवकर मारते. भर पावसात पूर अळ्या धुऊन नेतो. निफाडची थंडी पडली की तिच्या पोटातला जंतू वाढायचाच थांबतो. तो तयार होईपर्यंत ती म्हातारी होऊन मरते. शर्यत जिंकायला तिला एवढाच काळ मिळतो, आत्ताचा. पाऊस ओसरलाय, हवेत ओल आहे, ऊब आहे. आणि नेमके याच वेळी तुम्ही गेट बंद करता. नदी थांबते आणि डबकी उरतात.”

पाऊस, पूर, थंडी, सगळं माझ्या रोजच्या कामातलं. कुठल्या आठवड्यात नदीला किती पाणी असतं हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण त्याच पावसा-थंडीवर नजर ठेवून फुंकरीने उडेल असा एक जीव, आणि त्याच्या पोटात त्याहून कितीतरी बारीक दुसरा जीव, आपापलं आयुष्य बेतत असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. अंगावर काटा आला. तो काही तापाचा नव्हता.

“मी काय करू?” मी विचारलं.

“जोरात पाणी सोडा. आठवड्यातून एकदा. अळीला पंख फुटायच्या आत डबकी धुऊन निघाली पाहिजेत. मधल्या काळात गेट कोरडं ठेवा.”

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला आमच्या डेप्युटी इंजिनियर साहेबांसमोर उभा राहिलो.

“डासांसाठी पाणी?” साहेबांनी चष्मा काढला. “कुठल्या हेडखाली, कुठल्या खात्यावर दाखवायचं? शेतकरी मला जगू देतील का?”

त्यांचं चुकत नव्हतं. ऑक्टोबरात धरणात असलेला प्रत्येक थेंब रब्बीला वाटून झालेला असतो. मी तोंड पाडून एस.टी.त बसलो. पिंपळगाव बसवंतला गाडी कांद्याच्या ट्रकांत अडकली आणि तिथे बसल्या बसल्या मला खालचा बंधारा आठवला.

आमच्या धरणाच्या खाली काही अंतरावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा होता. म्हणजे नदीत खांब, आणि पाऊस संपला की खांबांच्या खाचांत लाकडी फळ्या सरकवून पाणी अडवायचं. तो भरून द्यायला आम्ही दरवर्षी फळ्या बसल्या की नदीत पाणी सोडायचोच. फक्त ते थोडं थोडं, कितीतरी आठवडे सोडायचो. त्याने डबकी भरलेली राहायची, वाहायची मात्र नाहीत. तेवढंच पाणी लोटाने सोडलं तर? बंधारा तेवढाच भरला असता आणि एक थेंबही जास्तीचा गेला नसता.

मी पुन्हा नाशिकला गेलो.

“साहेब, हेड बंधाऱ्याचंच. पाणी तेवढंच. फक्त थेंबथेंब न देता दणक्यात द्यायचं.”

साहेबांनी कागदावर आकडेमोड केली, पुन्हा केली. “कुणी वाहून गेलं तर मी तुला ओळखत नाही,” ते म्हणाले. आमच्या खात्यात यालाच मंजुरी म्हणतात.

गळती थांबवायची एक जुनी युक्ती आहे. गेटच्या आतल्या बाजूने बॉयलरची राख पाण्यात सोडायची. पाणी ती ओढत नेतं आणि फटी आपोआप बुजतात. साखर कारखान्यातून राखेची पोती आणून ठेवली. गावात दवंडी दिली, खोपी काठावरून आप्पांच्याच वरच्या रानात हलवल्या, पात्रात धुणी धुणाऱ्या बायकांना हाका मारून बाहेर काढलं. काठावर निम्मं गाव जमलं होतं. मग गेटमनने चाक फिरवायला घेतलं.

गेट उघडल्यावर पाण्याचा आवाज मी हजारदा ऐकला असेन. त्या दिवशी मात्र मी पाण्याकडे बघत नव्हतो, डबक्यांकडे बघत होतो. लोट आला, एकेक डबकं त्याने कवेत घेतलं आणि पुढे गेला. खडकांवरचं शेवाळ, पाचोळा, सगळं घेऊन गेला. बंधाऱ्यासाठी मोजून दिलेलं पाणी सोडून झाल्यावर आम्ही गेट खाली पाडून बंद केलं, राख सोडली. नदी उतरली. बाई पळी घेऊन पात्रात शिरल्या. एक पळी, दुसरी, तिसरी. पाणी नुसतं पाणी होतं.

“आणि वाहून गेल्या त्या खाली जाऊन डास नाही व्हायच्या?” मी विचारलं.

“काही वाळूवर वाळतील. उरलेल्यांची बंधाऱ्यात मासे वाटच बघतायत.”

मला इतका आनंद झाला की मी गेटमनला मिठी मारली. तो बावरलाच.

पण ताप थांबला नाही.

आठ-दहा दिवस झाले, दुसरा लोट सोडून झाला, तरी गावात नवी माणसं पडतच होती. एका संध्याकाळी आप्पांच्या ओसरीवर दहा-पंधरा जण चढून आले. बाई आणि मी तिथेच चहा घेत होतो.

“पाणी सोडून काय झालं? ताप हाय तसाच हाय,” एक जण म्हणाला. “आप्पा, उद्या खोपी उठवा. नायतर आमी उठवतो.”

बाईंनी कप खाली ठेवला. “आज ज्याला ताप आला, त्याला डास चावलाय आपण पाणी सोडायच्या आधी. जंतू माणसाच्या अंगातसुद्धा दहा-बारा दिवस गप्प बसतो. पाणी सोडलं तेव्हा जे डास उडत होते ते अजून थोडे दिवस जगतील. पण त्यांच्या मागून नवे येणार नाहीत. दिवाळीनंतर दुसऱ्या आठवडी बाजारापर्यंत थांबा. तोवर ताप ओसरला नाही, तर मी या गावात तोंड दाखवणार नाही.”

“आणि आज खोपी उठवल्या तर?” आप्पांनी विचारलं.

“तर गावातला ताप कमी होणार नाहीच. वर आजारी माणसं औषध अर्धवट टाकून सुरगाण्याच्या डोंगरात जातील. तिथले डास त्यांची वाट बघतायत.”

आप्पांना आता डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवून गावाशी वाकडं घ्यायचं होतं. आत त्यांची सून कण्हत होती.

“माझ्या रानात हायेत ती,” शेवटी ते म्हणाले. “दुसऱ्या बाजारापर्यंत कुणी हात लावायचा नाय. ताप नाय गेला तर मला विचारा, त्यांना नाय.”

लोक पुटपुटत उतरले.

आणि मग ते घडलं. दिवाळी झाली. बाईंची माणसं घरोघर आणि खोपीखोपीत फिरून तापकऱ्यांना गोळ्या देत होती. आम्ही दर आठवड्याला गेट उघडत होतो. पहिल्या बाजाराच्या दिवशी नवा ताप कमी झाल्यासारखा वाटला. दुसऱ्या बाजाराला गावात नवं माणूस पडल्याचं कुणी सांगेना. सोनाबाईची लेक पोराला पाठीशी बांधून कामावर आली. बाई म्हणाल्या होत्या त्याच सुमाराला, जणू डासांनी त्यांना विचारून ठरवलं होतं. मी देवभोळा नाही, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले. कुणाला, ते माझं मलाच माहीत नाही.

डिसेंबरात निफाडची थंडी उतरली. आप्पा बागेत पहाटे शेकोट्या पेटवून थंडीला शिव्या घालत होते. साळवेबाई हात चोळत खुशीत जीपमधून उतरल्या.

“पडू दे अजून!”

“मॅडम, माझ्या मण्यांना तडे चाललेत,” आप्पा कळवळून म्हणाले.

“आणि ताप?”

आप्पा हसले. “ताप नाय. पण माल जाऊ द्यायचा का?”

बागांची कामं आटोपली आणि सुरगाण्याची कुटुंबं परत निघाली. आली होती तेवढी सगळी, पूर्ण मजुरी घेऊन. सोनाबाई गेटपाशी आली. चाकाकडे बघत राहिली.

“साहेब, आमच्या नदीला असा गेट नाय. तिकडं काय कराचा?”

मी बाईंकडे बघितलं. “तिकडचा डास वेगळा,” त्या हळूच म्हणाल्या. “वाहत्या ओहोळाच्या कडेला वाढतो तो. पाऊस संपला की मी येते.”

त्या गेल्या, पुढची बरीच वर्षं जात राहिल्या. फवारणी केली, गोळ्या वाटल्या. काही वर्षी ताप कमी झाला, काही वर्षी नाही. धरणाखालच्या तापावर माझ्याकडे चाकाचे चार फेरे होते. डोंगरातल्या तापावर फक्त साळवेबाई होत्या, आणि त्यांची जीप वर्षातला निम्मा काळ गॅरेजमध्ये असायची.