कांद्याच्या मुळाचं टोक

"कै तोरिसु," प्रिन्सिपल मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या. हात दाखव.

प्रयोगशाळा झाडणाऱ्या मंजुळाअक्काने ओले हात पदराला पुसले आणि पुढे केले. मॅडम वाकल्या. दूध नासलंय का बघायला हुंगतात, तसे त्यांनी ते हात हुंगले.

अक्काच्या हातांना फिनाइलचा वास होता. कांद्याचा वास माझ्या हातांना होता. मी ते पँटच्या खिशात घातले होते.

मधली सुट्टी होती. प्रयोगशाळेत आम्ही तिघंच. टेबलावर तीन बाटल्या, प्रत्येकीच्या तोंडावर एक कांदा. खाली पाण्यात पांढरी मुळं सुटलेली.

आमची शाळा बंगळुरात, हेब्बाळच्या बाजूला आहे, एका ट्रस्टची. आवारात कांदा-लसूण वर्ज्य. डब्यातसुद्धा चालत नाही. आता पेशीविभाजन सगळीकडे कांद्याच्या मुळाच्या टोकावर दाखवतात. टोक कापायचं, रंगवायचं, काचपट्टीवर दाबायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं. आमच्याकडे कांदाच नाही. म्हणून अकरावीची मुलं ॲनिमेशन करून शिकतात. लोकरीचे तुकडे म्हणजे गुणसूत्रं. तुकडा जरासा सरकवायचा, फोटो काढायचा. पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. बारा फोटो म्हणजे एक सेकंद. ही युक्ती माझीच. मॅनेजमेंट खूश. त्यासाठी मला शालसुद्धा मिळाली.

यंदा निवेदिता नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, हे खरंच असं दिसतं? का पुस्तकातलं बघून आपण करतोय?"

दुसऱ्या दिवशी मी के. आर. पुरमच्या बाजारातून तीन कांदे घेतले आणि बॅगेच्या तळाशी घालून आणले. निवेदितानं आणि मी ते बाटल्यांवर बसवून ॲसिडच्या कपाटामागे ठेवले. "कुणाला बोलू नकोस," मी म्हणालो. चौथ्या दिवशी मॅडमना वास आला आणि बाटल्या टेबलावर आल्या.

"यारु तंदिद्दु?" कोणी आणलं?

"नानल्ल, मॅडम." मी नाही. अक्काने एकदाच माझ्याकडे बघितलं. बाटल्यांतलं पाणी बदलताना तिनं मला पाहिलेलं होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या इथल्या जुन्या मराठी घरातल्या, शिकलेल्या कॉमर्स. माझ्याशी मराठीच बोलतात. "करणी-बिरणी असेल काहीतरी. कितीही सांगा, ह्या लोकांचं हेच. तुम्ही आपल्यातले, सर. तुम्हाला तर मळमळलं असेल."

मी म्हणालो, "हं."

एवढंच.

अक्काला प्रयोगशाळा बंद झाली. मैदानापलीकडच्या संडासांवर टाकलं तिला.

मी आपल्यातला नाही. मी दलित आहे. नोकरीच्या फॉर्मवर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलं, आडनाव गावावरून आलेलं. बाकीचं मॅडमनी स्वतःच ठरवलं आणि मी ठरवू दिलं. लहानपणी शाळेत माझा डबा लांब ठेवायला सांगत. कारण सांगत नसत. वास येतो, म्हणत. तो वास धुण्यात माझी चाळीस वर्षं गेली. आणि त्या दिवशी तो दुसरीच्या हातावर ढकलून मी मोकळा झालो.

मोकळा कसला. रोज मैदानाकडून जाताना अक्का म्हणायची, "नमस्कारा, सार." तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या जिन्यानं जायला लागलो.

निवेदितानं फिल्म पूर्ण करून आणली. पहिलंच दृश्य: चौकड्याची बाही, कागदात कापलेला हात, तो बाटलीवर कांदा ठेवतोय.

"सर, ही तुमची बाही."

"स्टार्टिंग काढून टाक. गुणसूत्रांपासून सुरू कर."

"पण अक्कांना त्या कांद्यावरूनच लॅबमधून काढलं ना, सर?"

"तू त्यात पडू नकोस."

तिनं माझ्यासमोर ते फोटो एकेक करून उडवले. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला पेशीविभाजन शिकवत होतो. शिकली ती हे.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह पालकांनी भरलेलं. फिल्म संपली. मॅडम माइकवर म्हणाल्या, "नो अनियन, नो स्मेल. क्लीन सायन्स." लोक हसले. मीसुद्धा हसलो. तिसऱ्या रांगेत निवेदिता हसत नव्हती.

मग मला बोलायला उभं केलं. पद्धत समजावून सांगा, म्हणाले. मी म्हणालो, "या फिल्मची सुरुवात कापली आहे. मी कापायला लावली. कांदे मी आणले होते, मंजुळाअक्काने नाही. तिचे हात हुंगले तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. मी दलित आहे. कांदा खातो. मटणही खातो."

कोणी टाळी वाजवली नाही. माइक बंद झाला.

मी मैदानापलीकडे गेलो. अक्का बादली भरत होती. मी सगळं सांगितलं. तिनं नळ बंद केला नाही.

"ईग याके, सार?" आत्ता कशाला?

मग कन्नडमध्येच सावकाश म्हणाली, "त्या दिवशी तुमचे हात खिशात होते. मी बघितलं होतं."

माफी मागायला तोंड उघडलं. ती बादली उचलून आत गेली.

आता शाळेनं कागद पाठवलाय. मानसिक ताणाखाली बोललो, असं लिहून सही करायची. केली की नोकरी राहील. बायको म्हणाली, "अहो, एवढी वर्षं झाकलंत. आता पन्नाशीला काय सुचलं?" तिच्यावर रागवायचा मला हक्क नाही. झाकायला मीच शिकवलं तिला.

सही करणार नाही. मी वेगळा कागद लिहिलाय. मॅडमनी जातीवरून अक्काचा अपमान केला, आणि मी करू दिला. दोन्ही त्यात आहे. खाली माझं नाव, माझी जात.

उद्या चौकशी समिती आहे. अक्काला प्रयोगशाळेत परत घेतल्याचं लेखी मागणार. नाही दिलं तर हाच कागद घेऊन पोलिसात जाणार, साक्षीदार म्हणून आणि गुन्हेगार म्हणूनही. अक्का मला माफ करणार नाही. करू नये. साक्ष मी तरीही देणार.