दोन कप्प्या आणि दुसरा मजला

मसालेभाताचा टोप दुसऱ्या मजल्यासमोर हवेत लटकत होता आणि खाली कंपाउंडमध्ये पंगत बसली होती. मी गच्चीवरून ओरडले, "दिनू, सोड की रे दोरी!"

"संपली, काकू," मंडपवाला दिनू म्हणाला.

मुलुंडची चार मजली जुनी बिल्डिंग. कदमांच्या मुलीचा साखरपुडा, कॅटरिंग माझं. मांडव कंपाउंडमध्ये, म्हणून शेगड्या गच्चीवर. गच्चीला अरुंद लोखंडी शिडी, तिच्यावरून भरला टोप उतरत नाही. सकाळी सामान गच्चीवरून दोरीने ओढून घेतलं. वर एक कप्पी, म्हणजे खाचेचं चाक, त्यावरून दोरी. एका कप्पीने वजन कमी होत नाही, फक्त वाकून उचलायच्या ऐवजी उभ्याने ओढता येतं.

भरला टोप असा झेपला नसता. म्हणून दिनूने दुसरी कप्पी टोपाच्या साखळीला लावली. दोरीचं एक टोक वर बांधलं, दोरी टोपाच्या कप्पीतून फिरवून परत वरच्या कप्पीवरून आमच्या माणसांच्या हातात दिली. आता टोप दोन पदरांवर. अर्धा भार बांधलेल्या टोकावर, अर्धा माणसांवर. दिनू भलताच खूश. "बघा काकू, फुलासारखा उतरतोय!"

पण दोन पदर म्हणजे टोप हातभर खाली जायला दोरी दोन हात लागते. सकाळी जमिनीला टेकलेली दोरी आता निम्म्यात संपली. जोड द्यावा तर गाठ कप्पीत अडकते.

त्यात टोपासमोरची गॅलरी सावंतांची. मांडवावरून त्यांचं आणि कदमांचं वाजलं होतं. अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण, सावंतांना नाही. ते बनियनवर बाहेर आले, टोपाचा वास घेतला आणि वर बघून म्हणाले, "काकू, पार्सल आमचंच ना?"

खालून मुलाचे काका गरजले, "भात येतोय की आम्ही उठू?"

खाली कदम घामाघूम. मी वरूनच त्यांना सांगितलं, "भात सावंतांच्या गॅलरीतून काढावा लागेल. बोलवा त्यांना."

"त्याला? मेलो तरी नाही!"

"मग व्याह्यांना लोणचं चाटवा."

कदमांनी व्याह्यांकडे पाहिलं. मग मान वर करून म्हणाले, "सावंत, जेवायला या."

"ऐकू येत नाही!"

"सहकुटुंब या हो!"

"आग्रह कुठाय?"

पंगतीत हशा पिकला. मुलाचे काकाच उभे राहून ओरडले, "या हो सावंत, आम्हाला भूक लागलीय!"

दिनूने दोरी टाकीच्या खांबाला करकचून बांधली. सावंतांनी टोप साखळीने कठड्याशी ओढून धरला. त्यांच्या बायकोने पदर खोचला आणि झाऱ्याने बादल्या भरायला घेतल्या. वाढपी त्यांच्या हॉलमधून धावत जिने उतरत होते. सावंत मागून ओरडत होते, "चपला बाहेर काढा रे!"

शेवटी टोप रिकामा झाला. वर आमची माणसं भरल्याच्या हिशेबाने जोर लावून ओढायला गेली आणि सगळी पाठीवर पडली. पंगतीने टाळ्या वाजवल्या. साखरपुडा झकास पार पडला. सावंत व्याह्यांच्या शेजारी बसून जेवले आणि भातात मीठ कमी आहे म्हणाले. कमी नव्हतं.

आता भरलं भांडं सोडण्याआधी मी दिनूला रिकामी कप्पी जमिनीला टेकवून दाखवायला लावते. आणि काम घेताना यजमानांना विचारते, मधल्या मजल्यावर कोण राहतं आणि त्यांना बोलावलंय का?