नवरदेवाची गाडी कोण चालवणार

माझ्या गाडीबद्दल लोकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. ॲव्हरेज किती देते? पंपावरचा माणूस विचारतो, शिरगावच्या देवळाबाहेर गाडी लावली की नारळवाला विचारतो, सासरच्या मयताला गेले तर तिथंही कोणीतरी पायरीवर बसल्या बसल्या विचारून घेतो. गाडी निळी आहे, बुटकी आहे, टर्बो इंजिनाची आहे, दुसऱ्या गिअरला नीट पाय दिला तर पाठ सीटला चिकटते. यातलं कोणालाच काही ऐकायचं नसतं. मी सांगते, गावात आठ, हायवेला अकरा. मग समोरचा माझ्याकडे असं बघतो, की मी तान्ह्या पोराच्या तोंडचं दूध काढून टाकीत ओतते आहे.

गाडी माझी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या घरात ते वरचेवर सांगावं लागतं. पवन मावळात आमचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे आणि ते मी चालवते. फुलांची खोकी पिकअपमध्ये घालून नेता नेताच मी ड्रायव्हिंग शिकले. लोणावळ्याजवळ वलवणला एका बंगल्यात मी फुलं द्यायचे. तिथले गृहस्थ बंगला विकून मुलाकडे परदेशी निघाले, तेव्हा शेडमध्ये झाकून ठेवलेली ही गाडी त्यांनी विकायला काढली. मी ती घेतली, फुलांच्या कमाईवर. नवऱ्यानं हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. तो तसाच आहे. घरात वाद सुरू झाला की मूग गिळून गोठ्याकडे निघून जातो.

अशी गाडी घेणं सोपं असतं, ती राखणं अवघड. आमच्या दमट हवेत एक पावसाळी रात्र बाहेर राहिली तरी सकाळी ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि पहिले दोन-तीन ब्रेक खरखरत लागतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, म्हणून ते वेळेवर बदलावं लागतं. गावातल्या गतिरोधकांवर पोट घासू नये म्हणून तिरकं जावं लागतं. मी हे सगळं शिकले आणि मला ते आवडतं. घरातल्या पुरुषांना मात्र माझ्या हाताला लागलेलं काळं तेल बघवत नाही. हाताला शेण लागलेलं चालतं.

आता थोरल्या दिरांकडे येते. भावजींनी आधी दुधाचा टेम्पो चालवला, मग पर्यटकांची जीप. गाडी या विषयात जगात शिकण्यासारखं उरलेलं सगळं आपण शिकून बसलो आहोत, असं त्यांचं मत आहे. दर रविवारी ते माझी गाडी बाहेर काढायचे. कधी पाहुण्यांना पवनेचं धरण दाखवायला, कधी नुसतंच लोणावळ्याला चक्कर मारायला. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मला विचारायचे नाहीत. दुसरी किल्ली नवऱ्याकडे असायची, ती तो देत असणार. थोरल्या भावाला नाही म्हणायची जीभ त्याला नाही, असं मी धरून चालले होते आणि त्याची मला थोडी कीवही यायची.

एका रविवारी भावजी गाडी अंगणात लावून उतरले आणि मला वास आला. तव्यावर कापड करपावं तसा. मी पुढच्या चाकाजवळ हात नेला तर आच लागली.

"कुटं नेलती?" मी विचारलं.

"कुटं नाय. खिंडीतनं खाली आलो."

"न्यूट्रलवर आला ना उतार?"

"मग? उताराला कशाला जाळायचं पेट्रोल? आधीच लय पिती तुजी गाडी. तीस वर्सं असाच उतरतोय मी."

अंगाचा तिळपापड झाला. तरी मी समजावून सांगितलं. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं, आणि या गाडीत तेव्हा पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलवर उलट इंजिन चालू राहायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि एवढ्या जड गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले, ऑइल उकळलं, की पेडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही.

भावजी माझ्याकडे बघून हसले आणि नवऱ्याला म्हणाले, "हिला मास्तरीण करायला पायजे हुती." नवराही हसला. थोडंसंच, पण हसला.

पुढच्या रविवारी गाडी परत गेली. त्याच्या पुढच्याही. पुढचे ब्रेक पॅड झिजून पत्र्यासारखे झाले, डिस्कवर चरे पडले. मी पुण्याहून नवे पॅड मागवले, तर आले ते मागच्या चाकांचे. ते परत पाठवले. पुन्हा येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, असं मी घरात बजावलं. नेमकं तेव्हाच भावजींच्या मुलाचं लग्न आलं.

मुलगी भाज्याची, खिंडीपलीकडच्या गावची. आणि नवरदेवाची गाडी माझी, हे भावजी सगळ्या भावकीत सांगून मोकळे झालेले. मला कळलं ते गाडीला किती फुलं लागतील म्हणून विचारायला आले तेव्हा. फुलंसुद्धा माझीच.

मी म्हणाले, "ब्रेक संपल्यात. दुसरी गाडी करा."

"लग्नात इघ्न आणू नको."

"मग कामशेतवरनं सरळ रस्त्यानं न्या."

तेही जमणार नव्हतं. आमच्या गावचं वऱ्हाड खिंडीतल्या देवाला नारळ फोडल्याशिवाय पलीकडे उतरत नाही. म्हणजे ज्या उतारानं ब्रेक खाल्ले त्याच उतारावरून, मुंडावळ्या बांधलेल्या पोराला आणि करवलीला मागे बसवून, भावजी ती गाडी न्यूट्रलवर सोडणार होते. पोरगा माझा पुतण्या आहे, माझ्या हातचं जेवून मोठा झालेला. मला रडू आलं नाही. राग एवढा होता की रडायला जागाच नव्हती.

लग्नाच्या सकाळी पोरं गाडीवर झेंडू आणि गुलाब बांधत होती तेव्हाच मी काठपदराची साडी खोचून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. भावजी फेटा बांधून आले.

"उठ. उशीर हुतोय."

"गाडी मी चालवणार. न्हाईतर निघणार न्हाई."

"नवरदेवाची गाडी बाई चालवती व्हय कुटं?"

अंगणात भावकी गोळा झाली. नवरा लांब उभा राहून चपलेच्या टोकानं माती उकरत होता. शेवटी पुतण्याच मागच्या सीटवरून म्हणाला, "बाबा, बसा की. काकी चालवती, चालवू दे." मुहूर्ताला वेळ थोडा होता, म्हणून भावजी माझ्या शेजारी बसले. गाडी बुटकी, फेटा उंच. सगळा रस्ता त्यांना मान वाकडी करून बसावं लागलं. याचा मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

खिंडीत नारळ फुटला आणि उतार सुरू झाला. मी दुसरा गिअर टाकला आणि तो सोडला नाही. इंजिन ओरडत होतं, पण गाडी धरून होतं. वळण आलं की तेवढ्यापुरता ब्रेक, लगेच पाय वर. तरी एका वळणाला पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. मी पहिला गिअर टाकला, गाडीनं हिसका दिला, करवलीच्या हातातला करा हिंदकळला. मागच्या जीपवाल्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला. प्रत्येक वळणाला भावजींचा पाय समोरचा पत्रा दाबत होता, तिथं ब्रेक असल्यासारखा.

खाली भाज्याच्या तोंडाशी मुलीकडचे बँड घेऊन उभे होते. रविवार असल्यामुळे लेणी बघायला आलेल्या लोकांची गर्दीही होती.

"थांब हितं," भावजी म्हणाले.

मी थांबवली. ते उतरले, फेटा सरळ केला, फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"उतर आता. मांडवापातुर मी नेतो."

"का?"

"लोक काय म्हणतील? पोराची गाडी बाईमाणसानं आणली."

"वर खिंडीत लोक नव्हते व्हय? तितं कोण चालवत हुतं?"

ते उघड्या दाराशी उभे राहिले. बँड थांबला. मुलीकडच्या बाया ओवाळायची ताटं घेऊन बघत होत्या. तेवढ्यात मागच्या जीपमधून नवरा उतरून आला. मला वाटलं, आज तरी. तो भावाच्या शेजारी उभा राहिला, दाराच्या चौकटीवर हात ठेवून माझ्याकडे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "उतर की. दोन मिनटाचा तर प्रश्न हाय."

मी त्याच्या हातावर दार ओढलं. हात त्यानं वेळेत काढला. मग मी बँडच्या मागून पहिल्या गिअरमध्ये, गोगलगायीच्या चालीनं, गाडी मांडवापर्यंत नेली. क्लच तापून वास यायला लागला. भावजी आणि नवरा दोन्ही बाजूंनी चालत आले, पाहुण्यांना हात जोडत. लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली आणि मी दोन वेळा जिलबी मागून घेतली.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, "तुमच्याकडची दुसरी किल्ली द्या."

तो पायरीवर बसून चपला काढत होता. वर न बघता म्हणाला, "ती दादाकडं हाय."

"आज दिली?"

"न्हाई. गाडी आणली तवाच दिलती. त्याला सारकं मागाया लागू नये म्हनून."

म्हणजे इतके महिने त्याच्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं, आणि नाही म्हणायची वेळही त्याच्यावर कधी आली नव्हती. मी ज्याची कीव करत होते तो माणूस पहिल्याच दिवशी माझी गाडी भावाला देऊन मोकळा झाला होता, आणि दर रविवारी माझ्यासमोर तोंड पाडून बसत होता.

मी लगेच जाऊन भावजींकडे किल्ली मागितली. त्यांनी ती फेकली, मी उचलली. भावजींवर माझा आता काही राग नाही. निदान ते तोंडावर तरी बोलले. नवरा आजही अधूनमधून विचारतो, लोणावळ्याला निघालीस का, मला सोड की. मी त्याला एसटीची वेळ सांगते.