आमच्यात नाव घेत नाहीत

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. पोराला नाही, गल्लीत नाही. देवापुढं हात जोडले तरी तेवढं गिळूनच उभा राहिलो. तुम्ही ओळखीचे ना पाळखीचे, म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. ओळखीच्या तोंडाकडं बघितलं की हे घशातच अडकतं — लई वेळा प्रयत्न करून बघितला.

मी चौथी शिकलेला माणूस. एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होतो, नांदेड-लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर — त्या रस्त्याचं वळण न् वळण मी डोळे मिटून सांगतो. माझ्या चाकाखाली कधी कोंबडी आली नाही, तिथं माणूस तर लांबच.

बघा. कबुली द्यायला बसलो अन् आधी बढाई मारून मोकळा झालो. असाच आहे मी.

आमचं घर नांदेडला. गल्ली अशी की एका दारात बारसं तर दुसऱ्या दारात म्हातारं खोकून राहिलेलं. पोरांचा चेंडू दिवसातून कितीदा तरी आमच्या अंगणात यायचा. मी ओरडायचो, अन् आमचं माणूस तो पदरात लपवून हळूच परत द्यायचं. आमचं माणूस म्हणजे संजूची माय, माझी बायको. शेजारी नसीमा, शिवणकाम करायची. ती मला मामू म्हणायची, हिला मामी. तिच्या घरचं विरजण आमच्याकडं, आमचं तिच्याकडं. कोणाचं दही कोणाचं, ते कोणालाच ठाऊक नसायचं.

संजूच्या मायला एक हौस होती — उखाण्याची. बाकी बाया लाजायच्या, आढेवेढे घ्यायच्या. ही न विचारता सुरू. हळदीकुंकू असो, कोणाचं डोहाळजेवण असो, तिचा एकच ठरलेला, तिनंच जोडलेला —

"चहाला ठेवलं आधण, आलं टाकलं ठेचून,
दिगंबररावांची गाडी ओळखते मी भोंगा ऐकून."

दिगंबरराव म्हणजे मी. अन् ते नाव ती अशी घ्यायची, जणू गाडी माझी नाही, तिच्या बापाची हाय. मी बाहेर उभा राहून ऐकायचो. खोटं कशाला बोलू — मुद्दाम उभा राहायचो.

मग ती विसरायला लागली.

आधी मीठ दोनदा. मग संजूचा फोन आला की तेच ते विचारायची. संजू पुण्याला नोकरीला. तो म्हणायचा, "दादा, आईचं काही बरोबर वाटत नाही मला." मी फोन ओढून घ्यायचो. म्हणायचो, तिला झोप लागली नाही रात्री. का म्हणायचो? ती माझी बायको होती, अन् माझ्या घरात काही बिघडलंय हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पोराच्या तोंडून तर नाहीच.

पुढं ती घर चुकायला लागली. नसीमाच्या चुलीवरचा भात उतरवून तिथंच जेवायला वाढायची. नसीमा तिचा हात धरून आणून सोडायची. कधी वाण्याची सून आणायची, कधी खेळणारी पोरं आणायची. दारात येऊन पोरं ओरडायची, "आजोबा, तुमचं पार्सल आलं!" सगळी गल्ली हसायची. ती स्वतः पण हसायची हो, पोरांसंगं टाळ्या वाजवून. एकटा मी नाही हसलो.

तिला कोणी हसत नव्हतं, हे मला आज कळतं. ते पार्सल आहे, अन् आपल्याला ते पत्त्यावर पोचवायचंय, एवढंच त्या पोरांना ठाऊक होतं. पण तवा माझ्या कानात नुसतं हसू शिरलं. मी ठरवलं — गल्ली सोडायची.

लातूरच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून एक वसाहत झाली होती. साठीच्या पुढच्यांचीच. आमचा एक जुना कंडक्टर तिथं राहायला गेला होता, त्यानं बघायला बोलावलं. आम्ही दोघं गेलो. घरं सगळी एका मापाची, दारं एका रंगाची. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. म्हातारी माणसं पांढरे बूट घालून झपाझपा चालून राहिलेली. लेकरू औषधाला नाही. नातवंडं सुट्टीत चार दिवस आली तर चालत्यात, जास्त नाही — असा नियमच.

मॅनेजर बाई होती. पुण्याकडची बोली, गोड. म्हणाली, "हे वृद्धाश्रम नाही हं काका. इथे सगळे ॲक्टिव्ह लोक असतात. स्वतःचं स्वतः करणारे."

ॲक्टिव्ह! तो शब्द मला असा लागला, जसं कोणी छातीवर बिल्ला लावावा. स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच तिथं घर मिळत होतं, म्हणून आत घेण्याआधी ती बाई सगळ्यांशी थोडं बोलून बघायची. माझ्याशी बोलली. मी दंड दाखवायचा तेवढा बाकी ठेवला. मग ती हिच्याकडं वळली. हसत म्हणाली, "काकू, काकांचं नाव काय?"

आता इथं जरा थांबतो.

तिनं माझ्याकडं बघितलं. गाडीची पाटी पावसानं धुऊन गेली की खाली उभं राहिलेलं माणूस कसं बघतं — गाडी दिसते, पण ती कुठली ते कळत नाही — तशी ती माझ्या तोंडाकडं बघत होती. इकडून तिकडं. शोधत. जिनं भर बायकांत माझं नाव मिरवलं, न विचारता मिरवलं, तिच्याकडं माझं नाव नव्हतं. कुठंच नव्हतं.

अन् मी काय केलं? मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, "आमच्यात नाव घेत नाहीत बाया. जुन्या वळणाची हाय ती."

मॅनेजर बाईनं हात जोडले गालापाशी. "किती गोड!" म्हणाली. कंडक्टर हसला. हिनं बघितलं सगळे हसून राहिले, तर तिनं पदर तोंडाला लावला अन् ती पण हसली. आम्हाला घर मिळालं.

ती माझं नाव विसरलीय हे मला ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला लई दिवस सांगितलं. खोटं. त्याच घडीला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाची बायको असती तर चालूनही गेलं असतं. माझी बायको नाव न घेणारी? अख्ख्या गल्लीला विचारा.

संजू नको म्हणत होता. "दादा, आईला गल्लीच बरी. दहा लोक बघतात तिला." मी म्हणालो, तुझ्या आईनंच हट्ट धरलाय, तिलाच शांत जागा पाहिजे. गल्लीत पण हेच सांगितलं. ती बाजूलाच बसलेली होती. हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. सामान टेम्पोत चढवताना नसीमा तेवढं बोलली. "मामू, तिथं मामीला आणून कोण सोडंल?"

"तिथं रस्ता चुकायला गल्ल्याच न्हाईत," मी म्हणालो. अन् मला वाटलं, काय जवाब दिला!

तिथं गल्ल्या नव्हत्या, खरं होतं. सगळी दारंच सारखी होती. ती कोणतंही ढकलायची. लोक वाईट नव्हते हो. "सॉरी काकू, तुमचं पलीकडं" म्हणायचे अन् दार लावून घ्यायचे. सोबत कोणी येत नव्हतं — स्वतःचं स्वतः करणारे सगळे. मी आमच्या दाराला तिच्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधली. कोणी विचारलं तर म्हणायचो, नवस हाय. ती कोणाशी बोलत का नाही विचारलं, तर म्हणायचो, तिनं मौन धरलंय. लोकं तिला वाकून नमस्कार करायला लागली. तुम्हाला हसू येतं का? मलाही तवा आतून थोडं आलं होतं. कसं फसवलं सगळ्यांना, म्हणून.

रोज विचारायची, "पोरं कुठं गेली सगळी? चेंडू का येत न्हाई?" मी म्हणायचो, शाळा हाय. सुट्टीच्या दिवशीही शाळाच हाय म्हणायचो.

गेटवर बालाजी नावाचा वॉचमन होता, चाकूरकडचा, पन्नाशीचा. मला मालक म्हणायचा. त्याला एवढंच सांगायचं होतं — बाबा, हिला एकटीला बाहेर सोडू नको. किती सोपं वाक्य. पण वॉचमनला सांगितलं म्हणजे मॅनेजरला कळणार, मॅनेजरला कळलं म्हणजे सगळ्यांना. रोज गेटवरून जाताना जिभेवर यायचं. रोज मी रामराम म्हणायचो अन् पुढं निघायचो.

त्या दिवशी हॉलमध्ये कॅरमचा शेवटचा सामना होता. माझा. भर दुपार, उन्हाळा. ती निजली होती. बाहेरून कडी लावावी असं मनात आलं. पण कडी दिसली तर कोणीतरी विचारणार — आत माणूस असताना कडी का? दार नुसतं ओढून घेतलं.

मी जिंकलो. टाळ्या वाजत होत्या तवा माझी बायको हमरस्त्यावर होती.

बालाजीनं तिला विचारलं होतं. "आज्जी, कुठं निघाल्या?"

"घरी."

"मालक कुठंत?"

"म्होरं गेलेत," ती म्हणाली.

त्याला ते खरं वाटलं. का नाही वाटणार? मी जन्मभर तिच्या चार पावलं पुढंच चाललो. त्यानं रोज तेच बघितलं होतं — पुढं मी, मागं ती. त्यानं गेट उघडलं.

पुढचं मला फाट्यावरच्या चहावालीनं सांगितलं. ती सांगत होती अन् मला वाटत होतं, ही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलून राहिली. माझी बायको फाट्यावर येऊन बाकड्यावर बसली, नांदेडची गाडी कवा हाय विचारू लागली. एकटी म्हातारी, उन्हात, पायात चप्पल नाही — चहावालीला अन् तिथं बसलेल्या बायकांना काळजी वाटली. त्यांनी पाणी दिलं. विचारलं, "कोणाच्या घरच्या तुम्ही? मालकाचं नाव काय?" पुन्हा विचारलं, तर हिनं तोंडाला पदर लावला अन् हसली.

मग त्या पण हसल्या. एक म्हणाली, "अगं, जुनं माणूस हाय, नाव घेत न्हाईत त्यांच्यात. उखाणा तरी घ्या की आज्जी!"

अन् तिनं घेतला.

"चहाला ठेवलं आधण, आलं टाकलं ठेचून..." एवढं म्हणाली अन् थांबली. चहावाली म्हणाली, लई वेळ थांबली होती, ओठ हलून राहिले होते. मग नाव सोडून पुढचं म्हणाली. "...गाडी ओळखते मी भोंगा ऐकून." बायांनी टाळ्या वाजवल्या. लाजली म्हणाल्या. पुन्हा घ्या म्हणाल्या.

अन् नेमका भोंगा वाजला. लातूरकडून लाल गाडी येत होती. ती उठली. बायांना वाटलं, गाडीला हात करायला चालली. तिनं दुसरीकडं बघितलंच नाही — भोंग्याच्या दिशेनं हसत, झपाझपा निघाली. पलीकडून एक मोटरसायकल आली.

खुबा मोडला. डोक्याला लागलं.

चहावाली रडत होती. "आम्हाला काय ठाऊक, दादा. आम्हाला वाटलं नाव घेत न्हाईत त्यांच्यात." माझं वाक्य. शब्दाला शब्द. मी तिला ते शिकवायला गेलो नव्हतो, तरी ते माझ्याआधी तिथं पोचलं होतं.

आता जे राहिलं ते.

दवाखान्यातून मी कपडे न्यायला वसाहतीत आलो. गेटवर सगळे जमलेले. मॅनेजर बाई पांढरी पडलेली. "काका, त्या एकट्या बाहेर गेल्याच कशा?" सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. तवा सांगता आलं असतं. तिथंच. पण माझं बोट वर गेलं, बालाजीकडं. मी ओरडलो, "ह्याला मी बजावलं होतं! एकटीला सोडू नको म्हणून हजारदा बजावलं होतं!"

बालाजीनं टोपी काढली. चिडला नाही. त्याला नुसतं आठवत नव्हतं, असं त्याचं तोंड झालं होतं — जसं काही तोच विसरला असंल. अगदी हळू म्हणाला, "कवा सांगितलं, मालक?"

"झूठ बोलतो!" मी म्हणालो.

त्याला त्याच दिवशी काढलं. संजू नंतर तक्रार करायची म्हणाला, मी म्हणालो, जाऊ दे, गरीब हाय. संजूला वाटलं, बाप लई मोठ्या मनाचा.

आम्ही परत गल्लीत आलो, जुनं घर विकून बसलो होतो म्हणून भाड्याच्या दोन खोल्यांत. ती उठली नाही पुन्हा. नसीमा भरवायची. पोरं खिडकीतून मुद्दाम चेंडू टाकायची, ती उशीखाली लपवायची. थंडीच्या दिवसांत गेली. माझं नाव तिला शेवटपर्यंत सापडलं नाही. मला ती "डायवर" म्हणायची.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. गल्लीत अजून विषय निघतो. नसीमा बोटं मोडते त्या वॉचमनच्या नावानं, म्हणते, मामू, तुम्ही सांगूनसुद्धा त्या मेल्यानं गेट उघडलं. मी बशीत चहा ओततो. फुंकर मारतो. "हाव, हाव" म्हणत मान डोलावतो.

बालाजी कुठं आहे, मला ठाऊक नाही. चाकूर काही लांब नाही. डोळे मिटून जाईन असा रस्ता. गेलो नाही.

कवा सांगितलं, मालक?

कधीच नाही. त्याला नाही, कोणालाच नाही.