मातू गुरुक्कळचा नियम

म्हातारीला हे सांगितलं तर तिचं काय होईल, ही काळजी रेजिताच्या मनातून दुपारपासून जात नव्हती. मुलीची काळजी तर होतीच, पण तिचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं. मांडीला तेल लावून झालं होतं, उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवायचंही ठरलं होतं. प्रश्न होता मातू गुरुक्कळचा.

मातू गुरुक्कळची कळरी, म्हणजे कळरीपयट्टू या केरळी युद्धकलेची तालीम, वडकरेच्या अलीकडे, नारळीच्या वाडीत. जमिनीखाली खोदलेला लाल मातीचा आखाडा, वर झावळ्यांचं छप्पर. मातूचे वडीलही तिथंच गुरुक्कळ, म्हणजे गुरू, होते. त्यांचा हात कडक होता. एका वर्षी देवळातल्या उत्सवासाठी ते मातूच्या धाकट्या भावाचं, कुमारनचं, अंग ताणत होते. पोर मांड्या फाकून बसलेलं, बाप पाठीवर दाब देतोय, पोर रडून "पुरे, पुरे" म्हणतंय. बाप म्हणाला, "ओरडणाऱ्याचं अंग वळत नाही." खुब्यात काहीतरी तुटलं. लेप झाले, तेलं झाली. कुमारन आज बसथांब्याजवळ चहाचं दुकान चालवतो आणि डावा पाय ओढत गिऱ्हाइकाला ग्लास आणून देतो.

वडील गेले तेव्हा गावातले लोक म्हणाले, "आता बाई कळरी चालवणार?"

"मग काय कुमारनला उभा करू?" मातू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कमरेला कच्चा, म्हणजे लढवय्यांचा लांब कापडी पट्टा, बांधून आखाड्यात उतरली.

तिच्याकडे नमस्काराच्याही आधी एक शब्द शिकवला जातो. पुरे. समोरच्यानं तो म्हटला की हात, पाय, काठी जिथं असेल तिथं थांबवायची. कारण विचारायचं नाही, हसायचं नाही. मुलींचं तेलमालिश ती स्वतः करते, तेही मुलीची आई किंवा मोठी बहीण शेजारी बसलेली असेल तरच. त्यावरून कुणी चिडलं तर चिडू दे.

मोठ्यांनाही तोच नियम. बँकेतले बालकृष्णन साहेब पन्नाशीत शिकायला आले आणि महिन्याभरात विचारू लागले, "गुरुक्कळ, तलवार कधी हातात देणार?"

"आधी पुरे म्हणायला शिका," मातूनं सुनावलं. "कंबर धरून पायऱ्या उतरता, आणि विचारलं की म्हणता, छान आहे. डॉक्टरकडे जाऊन या. तुमची लाज राखायला माझ्याकडे तेल नाही."

साहेब रागावून गेले. मणक्याला पट्टा लावून परत आले आणि आता तेच नव्या लोकांना हा नियम समजावतात.

रेजिताची तीर्था कळरीत गेली तेव्हा सहा वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात गुरुक्कळ मोठ्या मुलांना काठीचा एक वार दाखवत होत्या. काठी वर गेलेली, आणि कोपऱ्यातून तीर्थाचा बारीक आवाज आला, "पुरे!" सत्तरीला टेकलेली बाई तशीच थांबली. काठी वर, एक पाय हवेत. पोरं खोखो हसली. रेजिता लाजून उठली.

"हसताय काय?" मातू गुरुक्कळ गरजल्या. "दार वाजवून बघितलं तिनं, आत कुणी आहे की नाही ते. आहे गं मोळे, माझ्या पोरी, मी आहे."

तोवर रोज दारात बसून राहणारी रेजिता त्या दिवसापासून तीर्थाला सोडून घरी जाऊ लागली. हे तिच्यासारख्या काळजीखोर बाईला सोपं नव्हतं.

पण यंदा मातू गुरुक्कळ विहिरीपाशी घसरल्या. गुडघ्याला प्लास्टर, अंगणापलीकडच्या घरात खाटेवर. कळरी आता त्यांचा पुतण्या प्रजीश चालवतो. कुमारनचाच मुलगा. चपळ, हसरा, मुलांचा लाडका प्रजीशेट्टन, म्हणजे प्रजीशदादा. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे.

आज दुपारी तीर्था भाताची कांजी प्यायला बसली ती एका बाजूला कलून.

"काय झालं गं?"

"काही नाही. प्रजीशेट्टन पाठीवर दाबत होता. मी पुरे म्हटलं."

"मग?"

"म्हणाला, स्पर्धेतले पंच थांबणार आहेत का तुझ्यासाठी?"

"आणि थांबला?"

"थांबला. थोड्या वेळानं." तिनं लोणच्याची फोड उचलली. "आता कुणी म्हणतच नाही, अम्मा. आदिलनं काल म्हटलं तर सगळे त्याला बाळ बाळ चिडवत होते."

संध्याकाळी रेजितानं नवऱ्याला हे सांगितलं. सजीवन चप्पल काढता काढता म्हणाला, "चालते ना ती? मग झालं. तू तर शिंक आली तरी दवाखाना गाठतेस."

"सजीवेट्टा, चेष्टा नको."

"बरं, नाही करत. पण म्हातारीच्या मागे तो एकटाच आहे. त्याच्याबद्दल तिचे कान भरलेस तर कळरीला कुलूप लागेल. पाठवू नकोस पोरीला, विषय संपला."

"आणि आदिल?"

सजीवननं चपला उचलून कोपऱ्यात ठेवल्या. त्यालाही ते पोरगं माहीत होतं.

रेजिता स्वयंपाकघरात आली. तीर्थाचं नाव काढून घेणं सोपं होतं. कुणाला काही कळलंही नसतं. मातू गुरुक्कळना तर मुळीच नाही. त्या खाटेवर पडून बरं व्हायची वाट बघत राहिल्या असत्या, आखाड्यात आपला नियम चालू आहे असं समजून. आणि प्लास्टर निघेपर्यंत एखाद्या पोराचा कुमारन झाला असता. तिला ती हवेत थांबलेली काठी आठवली. दुखेल त्यांना, खूप दुखेल. पण ही बाई ऐकून घेईल. ऐकून घेणं हेच तर तिनं आयुष्यभर केलं होतं.

"तीर्था, इकडे ये. गुरुक्कळना फोन लावतेय."

पोरगी दचकली. "प्रजीशेट्टनला ओरडतील त्या!"

"ओरडू दे. दुपारी मला सांगितलंस ते त्यांना सांगशील?"

तीर्थानं ओठ चावला. "तू सुरुवात कर. मग मी सांगते."

रेजितानं हात पदराला पुसले, फोन उचलला आणि नंबर लावला.